घर असताना हॉटेल कशाला

रविवार, ८ सप्टेंबर, आयसेलिन

दीड दिवसाच्या गणपतीचं दुपारी मागच्या अंगणात, निळ्या बादलीत विसर्जन झालं. आरती मी म्हटली, टाळ्या वीणाने वाजवल्या, आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याने कुंपणाआडून दिलेली साथ आम्हा दोघांपेक्षा सुरात होती. बाप्पा विरघळेपर्यंत मी बॅग भरली. उद्या सकाळी न्यूअर्कहून विमानाने टेक्सासात डॅलसला.

फेब्रुवारीत कंपनीने वीस वर्षांच्या नोकरीतून मोकळं केलं तेव्हापासून मी घरी आहे. मे महिन्यात स्वतःची कंपनी काढली. तिचा अध्यक्ष मी, एकुलता एक कर्मचारी मी, आणि अध्यक्षांना चहा करून देणाराही मीच. वीणा लोकांना सांगते, "हे आता इंडिपेंडंट कन्सल्टंट आहेत." सांगताना तिचा आवाज रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलणाऱ्या डॉक्टरसारखा होतो.

ऑगस्टच्या शेवटी डग नावाच्या गृहस्थाचा फोन आला. डॅलसजवळ अर्विंगला हॉस्पिटलांना सामान पुरवणारी कंपनी आहे, तिथला हा डायरेक्टर. त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर प्रोग्राम आहे. तो ठेवायचा की बाजारातलं तयार पॅकेज आणायचं, यावर बाहेरच्या तटस्थ माणसाचं मत हवं. पाच आठवडे काम, दर सोमवारी जायचं, गुरुवारी घरी परत, शेवटी रिपोर्ट. माझं नाव कोणी दिलं विचारलं, तर म्हणाला, "समवन हू थिंक्स हायली ऑफ यू." माझ्याविषयी इतकं चांगलं मत असलेला माणूस मला सात महिन्यांत भेटला नव्हता, त्यामुळे मी खोलात गेलो नाही.

योगायोग असा की वीणाच्या मावसभावाचा मुलगा प्रथमेश त्याच कंपनीत आहे. कंपनी मोठी, माणसं हजारो, त्याचा विभाग कुठला कोण जाणे. मी हॉटेल बुक करणार होतो, खर्च डगचाच होता. पण वीणाने यामिनीला, म्हणजे प्रथमेशच्या बायकोला फोन लावला, आणि यामिनीने स्पीकरवरून निकाल दिला, "काका, घर असताना हॉटेल कशाला? आम्हाला काय वाटेल?" यावर आपल्याकडे अपील नसतं.

वीणाने बॅगेत चकल्यांचा डबा भरला. वर चेन ओढताना म्हणाली, "नीट वाग तिकडे." चोपन्नाव्या वर्षी हा सल्ला.

सोमवार, ९ सप्टेंबर, अर्विंग

पोचलो. यामिनीने भरली वांगी केली होती. रेणू नऊ वर्षांची आहे. ती मला थेट "आजोबा" म्हणाली. मी काका या पदावर समाधानी होतो, बढती मागितली नव्हती.

घर नीटनेटकं, जरा जास्तच. गॅरेजमध्ये दोन गाड्या खरोखर मावतात. अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या गॅरेजात गाडी मावत नाही, असा माझा समज होता. तिथे तांदळाची पोती, जुना टीव्ही आणि कधीतरी लागतील अशी खोकी असतात. मी तसं म्हटलं. यामिनी म्हणाली, "आम्ही सध्या सामान कमी करतोय, काका." या पिढीचं हे नवं अपरिग्रह व्रत. मी कौतुक केलं.

प्रथमेश उशिरा आला. जेवताना ऑफिसचं काही बोलला नाही. ताट उचलताना एवढंच विचारलं, "काका, तुम्ही कुठलीही गोष्ट पूर्ण वाचल्याशिवाय मत देत नाही ना? आत्या सांगते तसं." मी म्हटलं, लहानपणी संस्कृत पाठशाळेत गुरुजींनी कान पिळून लावलेली सवय आहे, जात नाही. तो हसला. बरं वाटलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

हे आजच लिहून ठेवलं पाहिजे, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

काल गुप्ततेच्या करारावर सही केली. कामाविषयी कंपनीतल्या कोणाशी अवाक्षर काढायचं नाही. दुसऱ्या कलमात विचारलं होतं, कंपनीतल्या कोणाशी आपला हितसंबंध आहे का. मी "नाही" वर खूण केली. प्रथमेशचा आणि माझा संबंध आमटीचा, हिताचा कुठला?

आज डगने प्रोग्राम उघडून दिला. मालाचा तुटवडा पडला की कोणत्या हॉस्पिटलला आधी आणि किती द्यायचा, हे तो ठरवतो. अकरा वर्षं चाललाय. सहा जणांची टीम सांभाळते. मी पहिली फाईल उघडली. वर लेखकाची आद्याक्षरं होती, पी. डी. दुसरीवर पी. डी. तिसरीवरही. दुपारी डगने टीमची नावं दाखवली. पहिलंच नाव: प्रथमेश देवधर, लीड.

मग डग खुर्ची जवळ ओढून म्हणाला की पॅकेज घ्यायचं ठरलं तर ही टीम लागणार नाही. आवाज अगदी प्रेमळ होता.

प्रथमेश अजून कामाच्या व्हिसावर आहे. ग्रीनकार्डाच्या रांगेत त्याला एक तप होत आलं. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी मिळवायची, नाही तर देश सोडायचा. आणि मी त्याच्या घरात, त्याच्या मुलीच्या खोलीत झोपतो. माझ्यासाठी तिला आईबाबांच्या खोलीत गादी घातली आहे.

खूण बदलायला हवी होती. उद्या डगला सांगतो.

गुरुवार, १२ सप्टेंबर, विमानतळ

सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने काम काढून घेतलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. वीणा म्हणेल, पहिलंच काम आणि चौथ्या दिवशी कायमचा परत. मी स्वतःची अशी समजूत घातली आहे की तटस्थता मनात असते, गादीत नाही. ही समजूत फारशी घट्ट बसलेली नाही.

दुपारी कॅफेटेरियात प्रथमेश ट्रे घेऊन समोरून आला. मी खांबाआड झालो. खांब बारीक होता, मी नाही. त्याने एकदा या दिशेला पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाठ करून बसला. देवाची कृपा, मी दिसलो नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आता सकाळी मी त्याच्या आधी निघतो. कारण सांगतो की मला फिरायला आवडतं. टेक्सासात सकाळीसुद्धा पारा ऐंशी फॅरनहाइटला टेकलेला असतो आणि पदपथ मध्येच संपतात. यामिनीने पाण्याची बाटली हातात दिली आणि काही विचारलं नाही. या घरात कोणी काही विचारत नाही, हे माझं नशीब.

प्रोग्राम वाचतोय. खरं सांगायचं तर मजा येते आहे, आणि हेच वाईट आहे. इतका स्वच्छ लिहिलेला प्रोग्राम मी फार वर्षांत पाहिला नाही. मधेमधे त्याने साध्या इंग्रजीत टिपा घातल्या आहेत, इथे असं का केलं ते सांगणाऱ्या. जुन्या ग्रंथावर चांगला टीकाकार लिहितो तशा: उगाच पांडित्य नाही, अडचणीच्या जागी थांबतो, सोप्या जागी पुढे जातो. गंमत म्हणजे दहा वर्षं हा लेखक जवळजवळ मौनात आहे, आणि बहुतेक टिपांवर या जुलै-ऑगस्टच्या तारखा आहेत. उन्हाळ्यात त्याला अचानक वाचा फुटली. वय झालं की होतं तसं. मला चाळिशीतच फुटली होती.

प्रथमेश आज दुपारी डेंटिस्टकडे गेला होता. इस्त्रीचा निळा शर्ट, नवा बेल्ट. मी म्हटलं, "दात काढायला इतका नटून?" यामिनी भाजी परततच राहिली. तो म्हणाला, "पहिली भेट आहे काका, इम्प्रेशन चांगलं पडायला हवं."

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज काळजाला हात घालणारी गोष्ट सापडली. प्रोग्रामात.

मुख्य नियम सोपा आहे: माल कमी पडला की मोठ्या गिऱ्हाइकाला आधी. आमच्या पाठशाळेच्या भाषेत हा उत्सर्ग, सर्वसाधारण नियम. त्यानंतर पानंच्या पानं अपवाद आहेत. बाजारातलं पॅकेज मी तपासलं. त्यात उत्सर्ग आहे, अपवाद नाहीत. एका अपवादावरची टीप आपल्या भाषेत अशी होईल:

"जो कोणी हे वाचेल त्याच्यासाठी. हे डायलिसिसचं केंद्र लहान आहे, खुर्च्या मोजक्या. ऑर्डरही लहान, म्हणून नियमाप्रमाणे यांचा नंबर शेवटी लागतो. पण माल आदल्या संध्याकाळी पोचला नाही तर सकाळी कोणालाच मशीन लावता येत नाही, आणि दुसरं केंद्र दीड तासावर आहे. मी तिथल्या नर्सशी स्वतः फोनवर बोललो आहे. कृपया ही ओळ काढू नका."

अशी शंभराच्या घरात ठिकाणं. प्रत्येकाशी हा बोललेला. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, त्याच्या पगारात हे नाही.

संध्याकाळी तोच माणूस माझ्यासमोर बसून रेणूला भागाकार शिकवत होता आणि मी आमटी भुरकत होतो. मला म्हणायचं होतं, अरे, तुझी डायलिसिसवाली टीप वाचली. म्हणालो, "आमटीत आमसूल छान उतरलंय."

गुरुवार, २६ सप्टेंबर

डग जेवायला घेऊन गेला. त्याला रिपोर्ट दहा तारखेला हवा आहे. कसा हवा हे त्याने सांगितलं नाही, इतकंच म्हणाला की वरची मंडळी लांबण लावणाऱ्यांवर खूश नसतात, आणि हे काम छान झालं तर पुढेही बरंच आहे. मला "पुढेही" हा शब्द ऐकू आला तेव्हा मला चक्क आनंद झाला. त्याची लाज वाटायला बिल येईपर्यंत वेळ लागला.

विमानात प्रथमेशची टीम डोळ्यांसमोर मांडून पाहिली. त्यात लिंडा आहे, निवृत्तीला आलेली. एक सुशांत आहे, नागपूरचा, गेल्या महिन्यात त्याचं लग्न झालं. मला त्यांची नावंच माहीत नसती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

रेणूचा पियानो क्लास बंद केला आहे. मी विचारलं तर म्हणाली, "इट्स ओके, आजोबा. आय वॉजन्ट गुड." यामिनीने तिच्या केसांवरून हात फिरवला, जरा जास्त वेळ.

संध्याकाळी यामिनी फोनवर पुण्यातल्या कुठल्या शाळेत चौथीच्या प्रवेशाची चौकशी करत होती. मला पाहून म्हणाली, बहिणीच्या मुलीसाठी. बहीण ठाण्याला असते. पण बहिणींच्या गोष्टींत मी पडत नाही.

त्या दोघांना काहीच माहीत नाही याचा मला दिवसेंदिवस त्रास होतो आहे. भोळी माणसं आहेत. अळूची भाजी, कोथिंबीर वडी, काल तर पुरणपोळी, कुठलाही सण नसताना. इतकं कोणी आपल्या मुळावर आलेल्याला वाढतं का? ठरवलं, आज सांगायचंच, करार गेला खड्ड्यात. प्रथमेश अंगणातल्या नळाची गळती पाहत होता. मी शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रथमेश, मला तुला एक..."

तो पाना फिरवता फिरवताच म्हणाला, "काका, ऑफिसचं घरी आणायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. यामिनीचा. मोडला तर मला जेवायला मिळत नाही."

मी सुटलो. सुटकेचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

सोमवार, ७ ऑक्टोबर

रिपोर्ट लिहायला घेतला. तीन परिच्छेद झाले.

पहिला: पॅकेज मुख्य काम करू शकेल. हे खरं आहे, मी दुसरं काही लिहू शकत नाही. दुसरा: अपवाद पॅकेजमध्ये नाहीत, ते न उतरवता जुना प्रोग्राम बंद केला तर लहान केंद्रं उपाशी राहतील. हेही खरं आहे. तिसरा: हे अपवाद ज्याला आतून माहीत आहेत असा एक माणूस निदान वर्षभर ठेवावा.

तिसऱ्यावर अडलो. तोही खरा आहे का? मला वाटतं, आहे. पण हे मला वाटतंय की यामिनीच्या आमटीला? पाच आठवडे ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या बाजूने लिहिताना खरं आणि हवंसं यांची सरमिसळ माझी मलाच निवडता येईना. खोलीत रेणूची चित्रं आहेत, पलंगावर तिचा कापडी ससा. तटस्थ मत देण्यासाठी याहून वाईट कचेरी नसेल.

वीणाला फोन केला. तिला तपशील सांगता येत नव्हते, म्हणून म्हटलं, समज, एखाद्याला यजमानाच्या विरुद्ध साक्ष द्यायची आहे. ती म्हणाली, "जे वाचलंस ते लिही. तुला त्यासाठीच बोलावलंय." मला म्हणायचं होतं, तुला काय माहीत मला कशासाठी बोलावलंय. नाही म्हटलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

ठरलं. तिसरा परिच्छेद ठेवतो, पण आधी डगला हितसंबंधाचं सांगतो. मग त्याने रिपोर्ट फाडला तरी चालेल. चोरून खरं बोलण्यापेक्षा उघड्यावर खोटं ठरलेलं बरं. वाक्य जुळवायला दिवस गेला. ते संस्कृतात सुचत होतं, इंग्रजीत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

क्रमाने लिहितो.

नऊला डगकडे गेलो. रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणालो की तो वाचण्याआधी एक कबुली आहे: मी प्रथमेश देवधरच्या घरी राहतो, तो माझा नातेवाईक आहे, आणि हे मी पहिल्या दिवशी लपवलं.

डगने माझ्याकडे पाहिलं, मग जरा विस्मयाने म्हणाला, "एकनाथ, मला माहीत आहे. त्यानेच सांगितलं. तुमचं नावही त्यानेच दिलं."

मी खुर्चीत बसलो. डग सांगत होता ते कानावर येत होतं. टीम बंद करायचं जूनमध्येच ठरलं होतं. प्रथमेशला लीड म्हणून तेव्हाच कळवलं, बाकीच्यांना नाही. बंद करण्याआधी बाहेरच्या कोणाकडून प्रोग्राम एकदा पूर्ण वाचून घ्या, अशी विनंती त्याने केली. डगने विचारलं, पूर्ण कोण वाचतं? तर प्रथमेश म्हणाला, माझे एक काका आहेत, ते मत देण्याआधी वाचतात. नातेवाईक आहेत, माझ्याकडेच उतरतील, चालणार असेल तर बोलवा. एचआरने मान्य केलं होतं.

जूनमध्ये. म्हणजे गॅरेज, पियानो, पुण्याची शाळा, डेंटिस्टकडे नटून जाणं, जुलै-ऑगस्टच्या टिपा. मी अकरा वर्षांचा प्रोग्राम ओळीओळीने वाचला आणि ज्या घरात जेवत होतो ते घर मला वाचता आलं नाही.

डगने रिपोर्ट चाळला. दुसऱ्या परिच्छेदापाशी थांबला, पुन्हा वाचला. डायलिसिसची टीप मी जशीच्या तशी दिली होती. म्हणाला, "हे वर कोणालाच माहीत नव्हतं. हे उतरवावं लागेल." मग तो तिसऱ्यावर आला आणि मान हलवली. एक माणूस, एक वर्ष, बरोबर आहे. पण कर्मचारी ठेवायची त्याला परवानगी नाही, पदंच रद्द झाली आहेत. कंत्राटी चालेल.

"तुम्ही सगळं वाचलंय," तो म्हणाला. "तुम्हीच करा. सोमवारपर्यंत कळवा."

प्रथमेशसाठी मी कोरलेली जागा, तिच्यात मी नेमका मावत होतो.

अकराला टीमला खोलीत बोलावलं. बाराला ते खोकी घेऊन गाडीतळावर होते. लॅपटॉप तिथेच जमा करून घेतले. लिंडा सुशांतच्या पाठीवर थोपटत होती. प्रथमेशने मला काचेतून पाहिलं आणि हात केला. पाच आठवड्यांत ऑफिसात पहिल्यांदाच.

आज विमान सोडलं. वीणाला फोन केला. "तुला माहीत होतं," मी म्हटलं. ती म्हणाली, "रेझ्युमे मीच पाठवला त्याला. सांगू नको म्हणाला. तू गेला नसतास."

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

काल दिवसभर प्रथमेश आणि मी एकमेकांना चहा विचारत होतो. आज सकाळी तो आपट्याच्या पानांची गोष्ट काढून म्हणाला की इथे आपटा मिळत नाही, इंडियन ग्रोसरीत मिळतो तो दुसऱ्याच कुठल्या झाडाचा असतो. चला बघून येऊ. गाडीत बसलो, पण त्याने ती सुरू केली नाही.

"काका, तुम्ही पाच आठवडे इतके गप्प होतात की रेणूने विचारलं, आजोबांना कोणी रागावलंय का."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर रोज जेवताना तेच बोललो असतो. मग तो रिपोर्ट तुमचा राहिला नसता, माझा झाला असता. माझ्या रिपोर्टाला काय किंमत? जाणारा माणूस बोलणारच."

"आणि मला खांबाआड लपताना पाहिलंस?"

"सगळ्या टीमने पाहिलं. सुशांत म्हणाला, हे ऑडिटर आहेत की चोर?"

मी हसलो आणि ते हसू मधेच कुठेतरी मोडलं. त्याला डगचं सांगितलं, जागेचं. वाटलं, आता तरी त्याचा चेहरा बदलेल. तो काचेबाहेर पाहत राहिला.

"मला वाटलंच होतं, तुम्हाला विचारतील. घ्या, काका."

"तुझी जागा आहे ती."

"माझी गेली जूनमध्येच. या व्हिसावर मला कंत्राट घेता येत नाही. आता ती कोणाचीतरी असणार. दुसरा येईल तो पॅकेज लावेल आणि घरी जाईल. त्या नर्सला फोन कोण करणार?" मग सीटबेल्ट ओढत, "दोन इंटरव्ह्यूंचा नकार आलाय, काका. अजून एकाचं उत्तर यायचंय. आलं तर ठीक. नाही तर डिसेंबरात पुणे. रेणूला अजून नीट सांगितलेलं नाही."

त्याचा आवाज तिथेच एकदा घसरला. मी पाठीवर हात ठेवला. त्या दुसऱ्याच झाडाची पानं घेऊन आलो.

घरी यामिनीने पाट मांडला होता. रेणूने काळ्या पाटीवर खडूने सरस्वती काढली होती, एकेका ओळीत १ १ १ असे आकडे रचून, आमच्या लहानपणी काढायचो तशी. यामिनीने व्हिडिओ कॉलवर आजीकडून शिकवून घेतली. रेणू म्हणाली, "आजोबा, इट्स लाइक कोड." रोजचा व्यवसाय ज्यावर चालतो ते पूजेला ठेवायचं. यामिनीने शिवणाची कात्री ठेवली, रेणूने रंगपेटी, मी लॅपटॉप. प्रथमेशकडे ठेवायला काही नव्हतं. त्याचा लॅपटॉप गुरुवारीच गेला. तो क्षणभर हात मोकळे घेऊन उभा राहिला. मग खिशातून घराची किल्ली काढली आणि माझ्या लॅपटॉपवर ठेवली.

यामिनीने दोन्हींवर मिळून एकच हळदकुंकू वाहिलं. नंतर पानं देताना मला म्हणाली, "भाड्याचा करार जूनपर्यंत आहे, काका. आम्ही असू किंवा नसू. तुम्ही काम घ्याल तेव्हा..." पुढचं तिला नेहमीच्या ठसक्यात म्हणायचं होतं, जमलं नाही, हळूच म्हणाली, "घर असताना हॉटेल कशाला?"

मला नमस्कार करायला दोघं वाकली. मी आशीर्वाद काय दिला आठवत नाही. पाठशाळेत शिकलेले डझनभर होते, एकही उपयोगी पडला नाही.

पूजेतल्या वस्तूंना आज हात लावायचा नाही. त्यामुळे डगला आज उत्तर देता येत नाही. असा निमित्ताला टेकलेला धर्म मी यापूर्वी इतक्या श्रद्धेने पाळला नव्हता.

सोमवार, १४ ऑक्टोबर, आयसेलिन

डगला होकार कळवला. त्या नर्ससाठी कळवला की घरी बसून काढलेल्या सात महिन्यांसाठी, हे मला निवडता आलेलं नाही, आणि आता निवडत बसणार नाही. एक अट घातली: प्रत्येक फाईलवरचं पी. डी. तसंच राहील, खाली माझी अक्षरं. टीकाकाराने मूळ लेखकाचं नाव पुसायचं नसतं. डगने "शुअर" असं लिहिलं. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुपारी प्रथमेशचा मेसेज आला: तिसऱ्या इंटरव्ह्यूचाही नकार. पुढे एक हसरा चेहरा, आणि डायलिसिस केंद्रातल्या नर्सचा फोन नंबर. "ती दुपारी तीननंतर बोलते. आवाज कडक आहे, घाबरू नका."

पुढच्या सोमवारचं तिकीट काढलं. मग हॉटेल शोधलं, ऑफिसजवळचं, आणि बुक केलं.

वीणाने खांद्यावरून पाहिलं. "यामिनीला काय सांगशील?"

काय सांगणार. त्यांच्या घराची किल्ली पाकिटात आहे. मी ती परत केली नाही.